ग्लॉक देऊन जुनी रायफल घ्यायची, तर चारांतली कोणती?

प्रश्न थोडक्यात असा. पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या, ग्रीन कार्ड असलेल्या एका वाचकाकडे २०२० साली घेतलेलं ग्लॉक १९ पिस्तूल आहे. घेतल्यापासून ते तिजोरीतच पडून आहे. जवळच्या गन शॉपचा मालक त्याच्या बदल्यात मागच्या रॅकवरचं एखादं जुनं हत्यार द्यायला तयार आहे. पर्याय चार: इशापूरची १९४२ सालची ली-एनफील्ड नंबर १ मार्क ३ स्टार, सॅव्हेज कंपनीची नंबर ४ मार्क १ स्टार (हीसुद्धा ली-एनफील्डच), .४५ एसीपीची काडतुसं बसावीत म्हणून सिलिंडर तासलेलं वेब्ली मार्क ६ रिव्हॉल्व्हर, आणि इनलँडची एम१ कार्बाइन, म्हणजे आखूड, हलकी रायफल. पहिल्या तिन्ही बरोबरीत, कार्बाइनसाठी वर चारशे डॉलर. विचारणाऱ्यांचा ओढा इशापूरकडे आहे, कारण कॉलेजात एनसीसीत असताना त्यांनी थ्री-नॉट-थ्री, म्हणजे .३०३ ची ली-एनफील्डच, चालवली होती. "कुठली घेऊ, आणि फसणार तर नाही ना?"

माझा कल आधीच सांगून टाकतो: सॅव्हेज. इशापूर घेऊ नका असं नाही, पण ती बरोबरीत घेऊ नका. वेब्लीला हात लावू नका. कार्बाइन चांगली निघू शकते, पण ती पारखायला या चारांत सगळ्यात अवघड. मी पोटासाठी मशिनिस्ट आहे आणि शनिवारी एका परवानाधारक गनस्मिथच्या बाकावर जुन्या लष्करी रायफली उघडून बसतो, त्यामुळे माझं मत नळी आणि बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा भाग) बघून बनतं, इतिहास ऐकून नाही. काउंटरवर उभ्या उभ्या जिची खातरजमा करता येते आणि जिची काडतुसं आजही दुकानात मिळतात, तीच पहिली जुनी रायफल असावी.

पण रायफलीआधी सौदा. ट्रेड म्हणजे एकात गुंडाळलेले दोन व्यवहार असतात, आणि गुंडाळलेले असतात म्हणूनच दुकानदाराला आवडतात. तुमचं ग्लॉक तो जितक्याला विकेल त्याच्या साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश किमतीला धरणार. त्यात लबाडी काही नाही, त्याला भाडं भरायचंय, आणि वापरलेली ग्लॉक प्रत्येक दुकानात ढिगाने पडलेली असतात. दुसऱ्या बाजूला जुन्या रायफलीवर त्याने जी चिठ्ठी लावली आहे ती 'मागायची' किंमत, मिळायची नव्हे. म्हणून आधी विचारा, "ग्लॉकचे रोख किती देता?" मग विचारा, "ही रायफल रोखीने कितीला?" दोन आकडे कागदावर आले की बरोबरीचा सौदा खरंच बरोबरीचा आहे का ते आपोआप दिसतं. दुसरा मार्ग, ग्लॉक दुसऱ्या दुकानात कन्साइनमेंटला, म्हणजे त्यांनी तुमच्या वतीने विकून द्यावं म्हणून, ठेवायचं. ते साधारण १५ ते २० टक्के कापून घेतात, पण हातात बरेच जास्त येतात. थेट एखाद्याला विकायचं तर पेनसिल्व्हेनियात पिस्तुलाची खाजगी विक्रीही परवानाधारक दुकानदार किंवा शेरीफच्या कार्यालयातूनच करावी लागते. ओळखीतला आहे म्हणून पार्किंग लॉटमध्ये देऊन टाकू नका. आणि कुठेही दिलंत तरी सीरियल नंबर लिहिलेली पावती घ्या. उद्या ते पिस्तूल कुठे सापडलं तर ते तुमच्याकडून कोणत्या तारखेला गेलं हे दाखवता आलं पाहिजे.

आता सॅव्हेज. ही रायफल इंग्लंडसाठी अमेरिकेत बनली, मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्स इथे. ती लेंड-लीज करारातून, म्हणजे अमेरिकेच्या युद्धकाळातल्या मित्रराष्ट्रांना मदतीच्या योजनेतून, पाठवायची होती, आणि त्या करारात माल कागदोपत्री अमेरिकेचा असावा लागे, म्हणून रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या सांगाड्यावर, 'यू.एस. प्रॉपर्टी' असा शिक्का आहे. अमेरिकन सैन्याने ती वापरली म्हणून तो शिक्का आहे असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. सीरियल नंबरच्या मधोमध 'सी' हे अक्षर असतं, चिकोपीचं. बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी तोच नंबर कोरलेला असतो, तो रिसीव्हरच्या नंबराशी जुळला पाहिजे. बारीकसारीक भागांवर चौकोनी वळणाचा 'एस' दिसेल. तो जितक्या ठिकाणी दिसेल तितकी रायफल मूळची. कॅनडातल्या लाँग ब्रँचचे भाग मिसळलेले असतील तर 'एलबी' दिसतं. वापरायला काही अडत नाही, किंमत मात्र उतरते.

एक जागा नीट बघायची, आणि ही बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मार्क १ स्टारमध्ये बोल्ट बाहेर काढायला मागे खटका नाही. तो खर्च वाचवण्यासाठी रिसीव्हरच्या उजव्या रुळाला पुढच्या बाजूला एक खाच पाडली आहे. बोल्ट थोडा मागे ओढून बोल्टचं डोकं त्या खाचेशी आणायचं, ते वर फिरवायचं आणि बोल्ट ओढून घ्यायचा. ही सोय झाली, पण त्या खाचेने रूळ तुटला. वर्षानुवर्षं बोल्टचं डोकं त्या कडेवर आपटत राहतं आणि कडेचा कपचा उडतो. मग गोळीमागून गोळी झाडताना बोल्टचं डोकं तिथे येऊन मधेच वर उसळतं, रूळ सोडतं आणि रायफल अडकते. म्हणून दुकानात बोल्ट हळूहळू पुढेमागे करा आणि खाचेवरून जाताना अंगठ्याने डोक्याला वरच्या दिशेने किंचित दाब द्या. उसळलं तर टॉर्च मारून कड बघा. कपचा उडालेला रूळ वेल्ड करून घासून सरळ करता येतो, पण ते काम महागात पडतं आणि ते करणारे थोडेच आहेत. माझ्या लेखी तेवढ्यावर सौदा मोडायला हरकत नाही.

त्याच वेळी बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचा. नंबर ४ मध्ये डोकी चार मापांची येतात: ०, १, २ आणि ३. आकडा जितका मोठा तितकं डोकं लांब, म्हणजे काडतुसामागची फट तितकी कमी. रायफल झिजली की शस्त्रागारातला माणूस पुढच्या मापाचं डोकं बसवत असे. ० किंवा १ असेल तर झीज झाली तरी पुढे डोकं बदलून भागवायला जागा आहे. ३ असेल तर ती जागा संपली. तो आकडा बघून घाबरायचं नाही, पण गेज, म्हणजे ती फट तपासायचं माप, लावल्याशिवाय घ्यायची नाही. ब्रिटिश लष्करी मर्यादा .०७४ इंचाची होती. त्या मापाच्या गेजवर बोल्ट बंद होता कामा नये. बऱ्याच दुकानांत .३०३ चं गेज नसतं, तेव्हा गनस्मिथकडून तपासून घेईपर्यंत परत करता येईल अशी अट पावतीवर लिहून घ्या.

दुकानदार म्हणे सांगतोय की हिच्या नळीत दोनच आट्या (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या वळणदार चरी) आहेत, म्हणजे युद्धातला घाईचा, हलका माल. हे ऐकून मला बरं वाटलं, कारण तुमची घासाघीस त्यानेच सोपी केली आहे. एनफील्डच्या नळीत एरवी पाच आट्या असतात, डावीकडे वळणाऱ्या. युद्धात यंत्रांचा वेळ वाचावा म्हणून सॅव्हेज आणि लाँग ब्रँचने अनेक नळ्या दोन आट्यांच्या काढल्या. नेमात त्या पाच आट्यांच्या नळीइतक्याच चालतात, मी स्वतः बाकावरून झाडून बघितल्या आहेत. खरं बघायचं ते आट्यांच्या कडा. आधी कोरडं फडकं नळीतून फिरवा, कारण जुनं तेल आणि धूळ मिळून चांगली नळीही काळी दिसते. मग टॉर्च. कडा धारदार असतील तर नळी थोडी करडी, धुरकट असली तरी चालेल. कडा गोल झाल्या असतील, किंवा गंजाचे खड्डे आट्यांच्या आरपार गेले असतील, तर नको. काडतूस नसलेली नुसती .३११ इंची गोळी जवळ असेल तर दुकानदाराला विचारून ती नळीच्या तोंडात टेकवून बघा. पार गळ्यापर्यंत आत जात असेल तर नळीचं तोंड झिजलंय. जिवंत काडतूस घेऊन दुकानात जाऊ नका, तिथे कोणालाही ते आवडत नाही.

इशापूरकडे येऊ. मलाही ती रायफल आवडते, त्यामुळे जरा जास्त कडक बोलतो. कलकत्त्याजवळच्या त्या कारखान्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ली-एनफील्ड बनत होत्या, आणि १९४२ ची म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय फौजेसाठीची. मनगटाच्या, म्हणजे बोल्टमागच्या हाताने धरायच्या निमुळत्या भागाच्या, उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली 'जीआरआय', म्हणजे राजा आणि सम्राट जॉर्ज, मग इशापूरचं नाव आणि साल. स्वातंत्र्यानंतरच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. २६/११ नंतर पोलिसांच्या हातात अजून थ्री-नॉट-थ्री कशी म्हणून आपल्याकडे जी ओरड झाली, ती हीच जात. तुमचा ओढा मला समजतो.

पण यातल्या बहुतेक रायफली अमेरिकेत आल्या त्या अनेक दशकं सैन्याच्या, पोलिसांच्या आणि कॅडेटांच्या हातांतून फिरून. कुठे कुठे 'एफआर' हा शिक्का दिसेल: फॅक्टरीत दुरुस्त केलेली. ती चांगली खूण आहे. वाईट खूण म्हणजे 'डीपी', ड्रिल परपज. फक्त कवायतीसाठी ठेवलेली, झाडायची नाही. काही डीपी रायफलींच्या चेंबरला, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या भागाला, भोक पाडलेलं असतं आणि ते जाड काळ्या रंगाखाली लपतं. लाकडावर रंगाचा पट्टा, जुन्या रंगावर नवा रंग, 'डी' किंवा 'पी' च्या जागी घासल्याची खूण, यातलं काहीही दिसलं तर चेंबरच्या भागावरून नख फिरवून बघा. 'भिंतीवर लावायला घेतोय' असं म्हणून ती घेणारे असतात आणि पाच वर्षांनी त्यांचा मेहुणा तिच्यात काडतूस भरतो.

पुढच्या लाकडातून आडवा जाणारा एक स्क्रू दिसेल. त्याला इथे लाडाने 'इशी स्क्रू' म्हणतात. नवखे त्याला कोणीतरी नंतर केलेली ठिगळपट्टी समजतात, पण लाकूड चिरू नये म्हणून भारतातच केलेली ती मजबुती आहे. ती असली म्हणून किंमत पाडायची नाही. लाकडाची खरी परीक्षा त्याच्या मागच्या टोकाला असते. रायफलीचा धक्का तिथल्या दोन खांद्यांवर येतो. पुढचं लाकूड हाताने धरून हलवा. खुळखुळलं, किंवा मागून चीर वर आलेली दिसली, तर आतले खांदे बसलेत. नळीभोवती तांब्याची तार गुंडाळलेली असेल तर ती हातगोळे फेकायला वापरलेली रायफल. गोळा करायला मजेशीर आहे, पण झाडायला मी घेणार नाही.

मार्क ३ च्या बोल्टच्या डोक्यांवर आकडे नसतात. हेडस्पेस, म्हणजे काडतुसामागची ती फट, बिघडली तर जुनी डोकी एकेक लावून, घासून बघावी लागतात. तेवढ्या फरकासाठी मी सॅव्हेजला पुढे ठेवतो. तुमची इशापूर नंबर जुळणारी, डीपी नसलेली, स्वच्छ नळीची निघाली तर जरूर घ्या, पण ग्लॉक देऊन वर दीड-दोनशे डॉलर परत मागा. इथल्या बाजारात लोक सॅव्हेज आणि लाँग ब्रँचला जास्त मोजतात आणि इशापूरला कमी, हे दुकानदारालाही ठाऊक आहे. कधी याच कारखान्याची २ए किंवा २ए१ मिळाली तर तिचाही विचार करा. १९६२ च्या चीन युद्धानंतर काढलेली, बदललेल्या पोलादाची, ७.६२ नाटोची, बारा गोळ्यांच्या मॅगझीनची. मात्र तिची नळी आखूड करून 'जंगल कार्बाइन' म्हणून विकतात. खरी जंगल कार्बाइन म्हणजे इंग्लंडमध्ये बनलेली नंबर ५. तिच्या नळीच्या जाड बुंध्यावर, वरचं लाकूड काढलं की, वजन कमी करायला तासलेले खोलगट भाग दिसतात. नकलेत ते नसतात.

वेब्लीबद्दल फार लिहीत नाही. मूळ रिव्हॉल्व्हर .४५५ चं आहे. युद्धानंतर ती इथे स्वस्तात आली, .४५५ ची काडतुसं सहज मिळेनात, म्हणून आयातदारांनी सिलिंडरचा मागचा भाग तासून, अर्धचंद्राकृती क्लिप लावून .४५ एसीपी बसवली. आजचं कारखान्यातलं .४५ एसीपी काडतूस त्या सिलिंडरला सोसण्यापेक्षा जास्त दाब देतं. फुटलेली सिलिंडरं मी बघितली आहेत. न तासलेलं मार्क ६ कधी समोर आलं तर मात्र मला आधी कळवा.

कार्बाइन एरवी मस्त चीज आहे. १९४१ मध्ये स्वीकारली गेली आणि युद्ध संपेपर्यंत साठ लाखांहून जास्त बनल्या. टाइपरायटरवाली अंडरवूड, ज्यूकबॉक्सवाली रॉक-ओला, आयबीएम अशा कंपन्यांनी त्या बनवल्या. इनलँड ही जनरल मोटर्सची शाखा, सगळ्यात जास्त तिच्याच आहेत. अडचण अशी की युद्धानंतर जवळपास सगळ्या शस्त्रागारात उघडून पुन्हा जोडल्या गेल्या, त्यामुळे सुटे भाग वेगवेगळ्या कारखान्यांचे असणं हेच नेहमीचं आहे. एखादी 'सगळी इनलँड' असेल तर ती मूळची असेल किंवा नंतर कोणीतरी भाग जमवून तशी केलेली असेल, आणि हा फरक ओळखायला सवय लागते. नळीवर आयातदाराचा शिक्का, उदाहरणार्थ 'ब्लू स्काय, आर्लिंग्टन, व्हर्जिनिया', असेल तर ती कोरियाहून परत आलेली. झाडायला हरकत नाही, संग्राहक कमी देतात. वरचे चारशे देण्याआधी कार्बाइन जाणणारा कोणीतरी बरोबर न्या. न्यू जर्सीतून वाचणाऱ्यांसाठी: तुमच्या राज्याच्या बंदी असलेल्या यादीत 'एम१ कार्बाइन' प्रकार नावानिशी आहे, तेव्हा एडिसनमध्ये बसून पेनसिल्व्हेनियातल्या कार्बाइनची स्वप्नं बघू नका.

कागदपत्रांचं म्हणाल तर ग्रीन कार्ड आहे म्हणजे तुमचा मार्ग मोकळा. जुनी असली तरी ही रायफल १८९८ नंतरची आहे, त्यामुळे कायद्याने ती 'अँटिक' नाही. फॉर्म ४४७३, म्हणजे दुकानातून बंदूक घेताना भरायचा केंद्रीय अर्ज, भरावाच लागेल आणि राज्य पोलिसांची पार्श्वभूमी तपासणी होईल. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना, शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर, बंदूक बाळगायलाच बंदी आहे. तुमचा एखादा मित्र तशा व्हिसावर असेल आणि 'तुझ्या नावावर घे, पैसे मी देतो' म्हणाला, तर स्पष्ट नाही म्हणा. हा केंद्रीय गुन्हा आहे, त्यात तुरुंग आहे आणि तुमचं ग्रीन कार्डही जाऊ शकतं. गोळा करायचा छंद पुढे वाढला तर पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्थितीतल्या बंदुकांसाठी 'क्युरिओ अँड रेलिक' परवाना काढा. तीन वर्षांना तीस डॉलर. आणि निवृत्तीनंतर इशापूर पुण्याला न्यायचा विचार मनात असेल तर तो सोडा. भारतात .३०३ हा नागरिकांसाठी प्रतिबंधित बोअर आहे. म्हणूनच तर इशापूरला नागरिकांसाठी वेगळी .३१५ ची रायफल काढावी लागली.

शेवटची गोष्ट दारूगोळ्याची. मूळ काडतूस म्हणून दुकानदार तुम्हाला पट्ट्यातलं जुनं .३०३ फुकट देऊ करेल. बूड वाचा. 'केएफ' असेल तर ते आपल्या खडकीचं, पुण्याच्या ॲम्युनिशन फॅक्टरीचं. अभिमान वाटू द्या, पण झाडू नका. त्याचं प्रायमर, म्हणजे बुडातली ठिणगी पाडणारी टोपी, गंज धरवणारं आहे, आणि अमेरिकन नेमबाजांत हा माल उशिरा पेटण्याबद्दल बदनाम आहे: चाप ओढला, टिक झालं, आणि तुम्ही बोल्ट उघडायला हात नेता तेवढ्यात बार उडतो. कुठलंही जुनं काडतूस चाप ओढून न उडालं तर नळी निशाणाकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबायचं. आणि गंज धरवणारं काडतूस झाडलंच तर त्याच दिवशी नळीतून उकळतं पाणी ओतायचं, कारण त्या प्रायमरचं मीठ तेलात विरघळत नाही. तुमच्यासाठी प्रवी पार्टिझान किंवा सेलिअर अँड बेलो यांची ताजी .३०३ आहेत. रिकामी नळकांडी जपून ठेवा, पुढेमागे स्वतः भरायला लागाल. फक्त एनफील्डचं चेंबर ऐसपैस असतं, तेव्हा भरण्याआधी नळकांडं पुन्हा मापात आणताना ते दरवेळी पूर्ण न दाबता फक्त त्याची मान दाबा, नाहीतर दोन-चार वापरांत ते बुडाशी तुटतं. दुकानदाराला सांगा, ते खडकीचं फुकट नको, त्याऐवजी प्रवी पार्टिझानचे दोन डबे सौद्यात घाल.